हॅलसेच्या अर्लनी मोडलेले हुकूम

सन्माननीय अध्यक्ष पाद्री मर्डो मॅकलेनन, व्यासपीठावर विराजमान असलेले आजचे प्रमुख पाहुणे ॲडमिरल सर ऑब्री फॉदरिंगहॅम, परगण्याचे शेरीफसाहेब, जीवरक्षक होडी समितीचे कार्यवाह मिस्टर ग्रिगर, आजचे सत्कारमूर्ती हॅलसेचे नववे अर्ल रॅनल्ड मॅकरूरी, होडीवरची सगळी मंडळी, आणि दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला ओळखत नाही असा या सभागृहात एकच माणूस आहे, ते म्हणजे ॲडमिरलसाहेब. त्यांच्यासाठी सांगते. मी ऊना मॅकफी, या हॅलसे बेटावरची सुईण. इथली निम्मी माणसं आयुष्यात पहिल्यांदा रडली ती माझ्या हातात. तेव्हा माझं भाषण संपेपर्यंत कुणी उठून जाण्याचं धाडस करणार नाही, अशी आशा बाळगते.

आज आपण अर्लसाहेबांना निरोप द्यायला जमलो आहोत. निरोप म्हणजे ते कुठे निघालेले नाहीत. छत्तीस वर्षं त्यांनी आपल्या जीवरक्षक होडीचं सुकाणू धरलं, आता सत्तरी आली, नजर अधू झाली, म्हणून सुकाणू खाली ठेवताहेत, एवढंच. उद्या सकाळी धक्क्यावर येऊन नव्या सुकाणूवाल्याच्या चुका काढायला ते हजर असतील. ॲंगस, तू मनाची तयारी ठेव.

मला बोलायला उभं करण्याआधी मिस्टर ग्रिगर माझ्या घरी आले होते. चहा घेतला, ओटच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि मग हळूच म्हणाले, "ऊनाबाई, मोठी माणसं येणार आहेत. तेवढं चौऱ्याऐंशी साल सोडून बाकी सगळं बोला."

मिस्टर ग्रिगर, तुमचा हेतू चांगला होता हे मला कळतं. पण मला सांगा, पानात हेरिंग मासा वाढायचा आणि काटा असल्याचं लपवायचं, हे कुठल्या घरात शोभतं? चौऱ्याऐंशी साल सोडलं तर या माणसाबद्दल सांगण्यासारखं काय उरतं? उंची?

तेव्हा पाहुण्यांची क्षमा मागून मी तिथूनच सुरुवात करते.

रॅनल्ड मॅकरूरी हे आठव्या अर्लचे धाकटे चिरंजीव. जन्मले किल्ल्यावर, पण वाढले आमच्या घरात. माझी आई मार्सली त्यांची दाई. एका अंगावर मी आणि एका अंगावर ते, असे आम्ही दोघं पोसलो. दूधभाऊ म्हणतात तसे. सात वर्षांचे होईपर्यंत त्यांना ठाऊकच नव्हतं की आपण किल्ल्यावरचे आहोत. ज्या दिवशी घोडागाडी न्यायला आली त्या दिवशी ते आमच्या मेंढीच्या गोठ्यात लपून बसले. आईनं कान धरून बाहेर काढलं. तेराव्या वर्षी त्यांना आरमारात धाडलं. तिथे मात्र पोरगा रमला. सुटीवर आला की आईच्या चुलीशी बसून जगभरातल्या बंदरांच्या गप्पा सांगायचा, आणि आई म्हणायची, "ते सगळं असू दे, तिकडे पोटभर देतात का?"

समुद्रावर त्यांचं मनापासून प्रेम होतं, आणि गणवेशावरही. हे मी मुद्दाम सांगते. पुढे जे घडलं ते एखाद्या नाखूश माणसानं केलं असं कुणाला वाटू नये.

अठराशे चौऱ्याऐंशीच्या वसंतात थोरल्या अर्लनी, म्हणजे बेटाचे मालक असलेल्या यांच्या वडिलांनी, ठरवलं की आमच्या ग्लेन सारी खोऱ्यातली अकरा घरं उठवायची आणि तिथे मेंढ्या सोडायच्या. शेरीफच्या कचेरीतून मिस्टर क्रुकशँक नावाचे गृहस्थ नोटिसा घेऊन आले. त्यांचं स्वागत बायकांनी केलं. पुरुष मासेमारीला गेले होते. आता शेरीफसाहेब व्यासपीठावर आहेत, म्हणून सांगायला जरा संकोच वाटतो, पण माशांच्या आतड्यांनी भरलेली जी बादली क्रुकशँक यांच्या डोक्यावर रिकामी झाली, ती माझ्या हातात होती.

"हा सरकारी कागद आहे, बाई!" ते ओरडले.

"मग कोरडा ठेवायचा होता," मी म्हटलं.

साहेब, आपण हसलात. बरं वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी खाडीत युद्धनौका आली. ‘ब्रायर’ नावाची गनबोट, चाळीस बंदूकधारी नाविक शिपाई, आणि डेकवर तेच क्रुकशँक, नव्या कोटात. नौकेचा कप्तान कोण? लेफ्टनंट-कमांडर रॅनल्ड मॅकरूरी. त्यांच्या वरच्या कमोडोरसाहेबांनी मुद्दाम त्यांनाच निवडलं होतं. घरचा माणूस आहे, बायका त्याच्यावर दगड टाकणार नाहीत, असा हिशेब. हिशेब काही अगदीच चुकीचा नव्हता. ते होडीतून उतरले तेव्हा आमच्या ओच्यात दगड होते, पण एकीचाही हात उचलला गेला नाही. ते समोर, आम्ही समोर. गुडघाभर पाण्यातून आल्यामुळे त्यांचे बूट भरले होते.

माझी आई पुढे झाली. म्हणाली, "काय रे रॅनल्ड, कशाला आलास?"

"माई, हुकूम आहे," ते खाली मान घालून म्हणाले. "घरं रिकामी करायची आहेत. भांडू नकोस. मी सगळ्यांचं सामान नीट उतरवून घेतो. कुणाला हात लावू देणार नाही."

"हात न लावता घर कसं रिकामं करतात, ते मला शिकव तरी," आई म्हणाली. "चल."

आणि ती मागे वळून चालू लागली. ते तिच्या मागून. क्रुकशँक आणि दोन शिपाई त्यांच्या मागून. आणि त्यांच्या मागून आम्ही सगळ्या.

ॲडमिरलसाहेब, आमच्याकडचा रिवाज असा, की चूल विझली म्हणजे घर उठलं. आमच्या घरची चूल माझ्या पणजीनं पेटवलेली. ती कधी विझू दिली नव्हती. क्रुकशँक यांना तेच हवं होतं. चुलीवर पाणी ओतलं, की कागदावर ‘घर रिकामं’ असा शेरा मारायला ते मोकळे.

आईनं पाण्याची बादली उचलली आणि रॅनल्डच्या हातात दिली.

"विझव," ती म्हणाली. "या कोटवाल्याच्या हातानं विझलेली मला चालायची नाही. या चुलीवर शिजलेलं तू सात वर्षं खाल्लंयस. तूच विझव."

मी दारात उभी होते. तीन पावलांवर. मला त्यांचा चेहरा दिसत होता. बत्तीस वर्षांचा बाप्या, छातीवर पदक, हातात बादली. मला वाटलं, आता ओतणार. खोटं कशाला सांगू, मला अगदी खात्रीच वाटली. हुकूम म्हणजे हुकूम, हे त्या लोकांच्या हाडात मुरवलेलं असतं. मी डोळे मिटून घेतले.

पाण्याचा आवाज आलाच नाही. डोळे उघडले तेव्हा बादली जमिनीवर होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, लहानपणीच्या तिवईवर बसले, बाजूच्या ढिगातून पीटचं, म्हणजे आमच्याकडच्या जळाऊ मातीचं, एक ढेकूळ उचललं आणि चुलीत सरकवलं. नीट, कडेनं, आई शिकवायची तसं. मग फुंकर घातली.

"हे काय चाललंय?" क्रुकशँक किंचाळले. "कमांडर! तुम्हाला हुकूम आहे!"

"आहे ना," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "आणि तो मी मोडतोय. तुमच्या वहीत तसं लिहा. स्पेलिंग सांगू का माझ्या नावाचं?"

शिपायांपैकी एक जण फिसकन हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. त्याचं नाव मला कधी कळलं नाही, पण तो खोकला मी विसरले नाही. तासाभरात चाळीसच्या चाळीस शिपाई नौकेवर परत गेले. एक गोळी नाही, एक काठी नाही.

तिथून ते ओल्या बुटांनी तीन मैल चालत किल्ल्यावर गेले. तिथे काय झालं ते माझ्या केट मावशीनं ऐकलं. ती किल्ल्यावर स्वयंपाकाला होती आणि दाराला कान लावणं हा तिच्या कामाचाच भाग होता.

थोरले अर्ल म्हणाले, "तू माझा मुलगा आहेस की त्या बाईचा?"

"दोघांचा," हे म्हणाले. "तीच तर अडचण झाली."

"या छपराखाली पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

"बरं. पण त्यांना त्यांच्या छपराखाली राहू द्या."

बापलेकांचं हे शेवटचं बोलणं. पुढे अकरा वर्षं थोरले अर्ल जगले. रविवारी चर्चमध्ये दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. वडील गेले तेव्हा रॅनल्ड दार लावून तीन दिवस कुणाला भेटले नाहीत. बंड करणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

यथावकाश लष्करी न्यायालय बसलं, दूर दक्षिणेच्या बंदरात. तिथे त्यांना वाचवायची सगळ्यांची इच्छा होती, हेही मान्य करते. उष्ण समुद्रावर असताना त्यांना ताप येऊन गेला होता. वडिलांच्या वकिलानं डॉक्टर तयार ठेवला होता. एवढंच म्हणायचं, की त्या दिवशी ताप चढला होता, भान नव्हतं. सहा महिने सुटी, मग पुन्हा नौका.

त्यांना विचारलं गेलं, "त्या दिवशी तुमची प्रकृती कशी होती?"

"उत्तम," ते म्हणाले. "सकाळी दोन अंडी खाल्ली होती."

"मग तुम्हाला हुकूम नीट समजला नाही का?"

"नीट समजला, साहेब. म्हणून तर मोडला."

त्यांना बडतर्फ केलं. तलवार काढून घेतली. एकोणीस वर्षांची नोकरी एका दुपारी संपली.

ते टपालाच्या आगबोटीनं बेटावर परत आले, एक पेटी घेऊन, साध्या कोटात. धक्क्यावर आम्ही सगळ्या उभ्या. ज्या माणसानं आपल्यासाठी सगळं गमावलं, त्याला काय म्हणायचं असतं? माझी आई पुढे झाली आणि म्हणाली, "जेवलास का?"

तेव्हा ते रडले. भर धक्क्यावर, सगळ्यांसमोर. अर्लसाहेब, मान हलवू नका, तुम्ही रडलात. मी साक्षीदार आहे.

त्या दिवसापासून बेटानं त्यांना कॅप्टन म्हणायला सुरुवात केली. त्यांना आरमारानं कधी कॅप्टन केलं नव्हतं. आम्ही केलं. आमच्याकडे बढतीला कागद लागत नाही.

आमची घरं वाचली, पण ती एकट्या यांच्यामुळे, असं म्हणणं त्यांनाही आवडणार नाही. तीन आठवड्यांनी दुसरी नौका आली, तेव्हा शेजारच्या बेटांवरून चारशे माणसं आमच्या किनाऱ्यावर येऊन उभी होती. तीही नौका परत गेली. दोन वर्षांनी कुळांना घरांतून उठवता येणार नाही असा कायदा झाला. ठिकठिकाणच्या बायकांनी ओच्यात दगड घेतले, म्हणून तो झाला. पुढे वडील गेले, मग थोरले बंधू निपुत्रिक वारले, आणि धक्क्यावरच्या दोन खोल्यांत राहणारा हा माणूस नववा अर्ल झाला. गादीवर आल्यावर पहिल्याच सोमवारी यांनी डोंगरावरचं कुरण गावाला मोकळं केलं. स्वतः मात्र राहिले धक्क्यावरच. किल्ल्यात म्हणे वारा फार येतो.

आता होडीबद्दल. छत्तीस वर्षांत किती माणसं वाचवली ते मिस्टर ग्रिगर यांनी छापील पत्रिकेत दिलंच आहे. मी एकाच दिवसाबद्दल बोलणार आहे, कारण तो दिवस माझा आहे.

एकोणीसशे सतरा सालचा मार्च, महायुद्ध चालू होतं. भर दुपार. सुरुंग काढणारी आरमाराची बोट मॅडा खडकावर चढली, एकोणीस माणसांसह. मुख्य भूमीवरच्या तळावरून तार आली. पोस्टातल्या पेगीनं ती धावत आणली आणि धक्क्यावर वाचली: समुद्र फार खवळला आहे, होडी काढू नये, मदतीला टगबोट निघाली आहे, वाट पाहावी.

पासष्ट वर्षांच्या अर्लसाहेबांनी तार घडी करून खिशात घातली. म्हणाले, "हा हुकूम मला आहे, तुम्हाला नाही. ज्याला घरी जायचंय त्यानं जा. कुणाला काही बोलणार नाही."

कुणी गेलं नाही. माझा नवरा लाक्लन नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, दोर टाकायला असायचा. माझ्याकडे बघून म्हणाला, "रश्शाला झाकण ठेव गं."

एकोणीसच्या एकोणीस वाचले. लाक्लन दोर टाकताना एका लाटेनं गेला.

मी काही संत नाही. आठ दिवस मी या माणसाचं तोंड पाहिलं नाही. मनात एकच होतं. तार आली होती. थांबायला सांगितलं होतं. हुकूम मोडायची यांना चटक लागली आहे, आणि तिची किंमत माझ्या घरानं दिली. हे मी आज पहिल्यांदा मोठ्यानं बोलते आहे.

नवव्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. आत येईनात. पावसानं भिजत होते.

मी म्हटलं, "काय आहे?"

ते म्हणाले, "ऊना, मी हुकूम पाळला असता, तर..."

ते वाक्य मला पुरं करावं लागलं, आणि ते करताना मलाच ते पहिल्यांदा कळलं. टग यायला पाच तास लागले होते. तोवर खडकावर फळकुटं उरली होती.

"पाळला असता," मी म्हटलं, "तर आज एकोणीस बायकांच्या दारात कुणीतरी असंच भिजत उभं असतं. आत या. थंडी बाधेल."

तेव्हापासून दर वर्षी माझ्यासाठी पीट कापायला हॅलसेचे नववे अर्ल स्वतः येतात. फार वाईट कापतात. एक ढेकूळ दुसऱ्यासारखं नसतं. पण मी दुसऱ्या कुणाला बोलावत नाही.

आता थोडं ॲडमिरलसाहेबांशी बोलते, आणि मग बसते.

साहेब, आपण गेल्या महिन्यात अर्लसाहेबांना पत्र लिहिलंत. फार सौजन्यानं लिहिलंत. ते प्रकरण झालं तेव्हा आपण शाळेत असाल, त्यात आपला काही दोष नाही. आपण कळवलंत, की जुनी बाब मिटवायची सर्वांची इच्छा आहे. हुद्दा परत मिळेल, नाव पुन्हा यादीत चढेल, तलवार सन्मानानं परत दिली जाईल. फक्त सोबतच्या कागदावर सही करायची. त्यावर एकच वाक्य होतं: ‘तारुण्यसुलभ भावनेच्या भरात माझ्याकडून चूक झाली, याचा मला खेद आहे.’

त्यांची नजर अधू, म्हणून पत्र मी वाचून दाखवलं. आधी ते हसले. "बत्तिसाव्या वर्षी कसलं तारुण्य गं?" म्हणाले. मग सहीची जागा बोटानं चाचपत राहिले. बराच वेळ.

साहेब, त्यांना ती तलवार हवी होती. हे आपल्याला कळायला हवं म्हणून सांगते. अडतीस वर्षं रोज सकाळी ते धक्क्यावर उभे राहून जाणारी प्रत्येक युद्धनौका नजरेआड होईपर्यंत पाहतात. आमच्यासमोर कधी बोलले नाहीत, पण आम्हाला डोळे आहेत.

मी म्हटलं, "एक सही तर आहे. करून टाका. आम्ही काही वाईट वाटून घेणार नाही."

ते म्हणाले, "सही केली तर माई चुकली, असं होईल."

"आई जाऊन वीस वर्षं झाली."

"म्हणूनच," ते म्हणाले. "तिला आता उलटून बोलता येणार नाही. कागद घे. मी सांगतो ते लिही."

ते उत्तर आजच आपल्या हाती द्यावं असं त्यांनी सांगितलं आहे. सगळ्यांसमोर वाचायची परवानगी मी मागितली. ते म्हणाले, नको म्हटलं तर तू ऐकणार आहेस का? ती परवानगीच समजून वाचते.

‘महोदय, आपलं पत्र पोचलं. आपल्या सद्भावनेबद्दल आभारी आहे. त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली नव्हती. सोबतचा कागद सहीविना परत पाठवत आहे. तलवार आपल्याकडेच असू द्यावी. आपल्या हाताखालच्या एखाद्या तरुण अधिकाऱ्याला कधी कुणाची चूल विझवायचा हुकूम मिळाला आणि त्यानं तो मोडला, तर ती त्याला द्यावी. आपला विश्वासू, रॅनल्ड मॅकरूरी, सुकाणूवाला, हॅलसे.’

हे घ्या, साहेब. पाकीट चिकटवलेलं नाही.

अध्यक्षमहाराज, आपण मला इतका वेळ बोलू दिलंत, याबद्दल आपली ऋणी आहे. मागे चहा आणि सॅमन मासा घातलेली भाकरी तयार ठेवणाऱ्या मुलींचे आभार. शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल शेरीफसाहेबांचे आभार. बोलण्याच्या ओघात मोठ्यांचा मान राखायचा कुठे राहून गेला असेल, एखादं नाव घ्यायचं सुटलं असेल, तर ते माझ्या म्हातारपणाच्या खाती घाला आणि मला क्षमा करा. ती मी मनापासून मागते, कारण ती चूक माझी एकटीची आहे. ग्लेन सारीच्या वतीनं मात्र मला क्षमा मागायला कुणी सांगितलेलं नाही. त्या अकरा घरांच्या चुली आज पेटत्या आहेत, आणि तिथून आलेली माणसं या सभागृहात बसलेली आहेत. त्यांनी आता उभं राहावं आणि आपल्या कॅप्टनला सलाम करावा.